हौशी संकेतस्थळचालकाने आरंभीच लावून घ्यावयाच्या सवयी

तुम्ही हौसेने संकेतस्थळ सुरू केले आहे, तेव्हा सर्वप्रथम बॅकअपची घडी बसवा. फायली आणि डेटाबेस (संकेतस्थळाच्या माहितीचा साठा) यांच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर आणि त्यांतील एक घराबाहेर, हा जुना नियम आजही पुरेसा आहे. मात्र त्या प्रतीवरून संकेतस्थळ पुन्हा उभे करून पाहिल्याशिवाय तिच्यावर विसंबू नका. डोमेनची, म्हणजे संकेतस्थळाच्या नोंदवलेल्या नावाची, मुदत दिनदर्शिकेत नोंदवा. वर्डप्रेस ही संकेतस्थळ चालवण्याची प्रणाली वापरत असाल, तर न लागणारे प्लगइन (जोडून घेतलेल्या जादा सुविधा) केवळ बंद न ठेवता काढून टाका.

प्रकृतीविषयी मला अधिक आग्रहाने सांगावेसे वाटते, कारण हौसेचे काम नोकरी सांभाळून रात्री करावे लागते आणि त्याची किंमत झोप मोजते. पडद्याकडे पाहताना पापण्या कमी लवतात व डोळे कोरडे पडतात. नागपूरच्या मे महिन्यात, पारा 45 अंशांच्या आसपास असताना आणि कूलरचा झोत थेट तोंडावर येत असताना, हा त्रास फारच वाढतो. म्हणून झोत बाजूला वळवा, दर 20 मिनिटांनी 20 फुटांपलीकडे 20 सेकंद पाहा आणि पाणी हाताशी ठेवा. तेथील फुटाळा तलाव किंवा सेमिनरी हिल्सच्या टेकडीवरची फेरी ऊन चढण्यापूर्वीच आटोपा.

संकेतस्थळाचे मोठे अपडेट झोपण्यापूर्वी कधीही करू नका. बिघाड झाल्यास तो निस्तरता निस्तरता पहाट होते, आणि थकलेल्या डोक्याने केलेली दुरुस्ती बहुधा दुसरा बिघाड घडवते. ते काम सुटीच्या सकाळी, ताजा बॅकअप घेऊनच करा.