‘आत्म्याने दीन’ म्हणजे कोण? दीन, लीन आणि नम्र यांविषयी

प्रश्न असा आला आहे: “आमच्या घरगुती बायबल-अभ्यासात आठ-दहा जण असतात आणि या महिन्यात ‘नम्रता आणि धन’ हा विषय माझ्याकडे आहे. मत्तय ५:३ मध्ये ‘जे आत्म्याने दीन ते धन्य’ असे आहे. एक काका म्हणाले, दीन म्हणजे गरीब. दुसऱ्या ताई म्हणाल्या, छे, दीन म्हणजे नम्र. पुढे ‘लीन’ही येतो. तिन्ही शब्द एकाच अर्थाचे धरून चालतील का?”

नाही चालणार, आणि तुमचा विषयच धनाचा असल्यामुळे तर मुळीच नाही. दीन म्हणजे नम्र असे एकदा ठरवले की पैशाचा प्रश्न खोलीतून अलगद बाहेर पडतो. नम्र काय, कुणीही असू शकतो; बंगलेवालाही.

आधी नम्र, कारण तो सोपा. नम् म्हणजे वाकणे, त्यावरून नम्र. मोशे पृथ्वीवरच्या सर्व माणसांपेक्षा नम्र होता असे गणना १२:३ मध्ये येते, तिथे तो शोभतो. पण रोजच्या मराठीत हा शब्द फार झिजला आहे. ‘नम्र विनंती, येथे वाहने लावू नयेत’ या पाटीत नम्रता किती असते ते आपण जाणतोच. अर्जाखालचा ‘आपला नम्र’ही त्याच जातीचा.

लीन हा ली धातूचा. चिकटणे, विरघळणे, एकरूप होणे हा मूळ भाव. तल्लीन आणि विलीन ही त्याचीच भावंडे. चरणी लीन होणे हा प्रयोग भजन-कीर्तनातून आपल्या कानांत बसलेला आहे. त्यात माणूस आपण होऊन स्वतःला खाली ठेवतो, कुणी ढकललेले नसते. मत्तय ११:२९ मध्ये येशू स्वतःला ‘मनाचा सौम्य व लीन’ म्हणवतो आणि फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात त्याने ‘स्वतःला लीन केले’ असे येते. ‘स्वतःला’ आणि ‘केले’ या दोन शब्दांकडे गटाचे लक्ष जरूर वेधा. लीन होण्याला इच्छा लागते.

दीन व्हायला इच्छा लागत नाही. ती वेळ माणसावर येते. दीनदुबळा, दीनवाणा चेहरा, दैन्य: सगळीकडे माणूस परिस्थितीने खाली आलेला. हातात काही नाही आणि दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहण्यावाचून इलाज नाही. म्हणून मूळ ग्रीकमधल्या ‘प्तोखोस’ला तो चांगला बसतो. ग्रीकमध्ये गरिबाला दोन शब्द होते. राबून कसेबसे पोट भरणारा तो ‘पेनेस’, आणि ज्याला मागितल्याशिवाय गत्यंतर नाही तो ‘प्तोखोस’. नव्या करारात पहिला जेमतेम एकदा येतो (२ करिंथ ९:९). बाकी बहुतेक ठिकाणी दुसरा. श्रीमंताच्या दाराशी पडलेला लाजर प्तोखोस, मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या (अगदी क्षुल्लक नाणी) टाकणारी विधवाही प्तोखोसच.

मग काकांचे बरोबर का? लूकमध्ये पूर्ण बरोबर. लूक ६:२० मध्ये ‘आत्म्याने’ हा शब्दच नाही. ‘अहो दीनांनो’ अशी थेट हाक आहे आणि चारच ओव्यांनंतर ‘तुम्हां धनवानांची केवढी दुर्दशा होणार’ हा इशारा. धनवानांसमोर उभे केलेले दीन हे पैशानेच दीन असणार. मत्तयात मात्र ‘आत्म्याने’ जोडले आहे. ही तृतीया आपल्या ओळखीची आहे: पायाने अधू, मनाने मोठा, स्वभावाने गरीब. कोणत्या अंगाने, ते ती सांगते. तेव्हा ‘आत्म्याने दीन’ म्हणजे देवापुढे ज्याची झोळी रिकामी आहे आणि ती रिकामी असल्याचे ज्याला ठाऊक आहे तो. म्हणजे ताईंनाही थोडे गुण द्यावे लागतात. पण इथेही अर्थ ‘नम्र’पाशी थांबत नाही. नम्र माणसाकडे देण्यासारखे पुष्कळ असू शकते, दीनाकडे नसते.

‘स्वभावाने गरीब’ मुद्दाम घेतला. ‘सून अगदी गरीब आहे हो’ असे कुणी म्हणाले तर आपण तिच्या माहेरची शेती मोजत नाही. ‘गरीब गाय’मध्येही पैशाचा संबंध नाही. परका, परदेशी या अर्थाचा हा अरबी शब्द मराठीत आला आणि त्याने निर्धन व निरुपद्रवी असे दोन्ही अर्थ पोटात घेतले. हिब्रूत असेच काहीसे आहे. ‘अनी’ म्हणजे गांजलेला, दरिद्री. ‘अनाव’ म्हणजे नम्र, सौम्य. दोन्हींचे मूळ एकच. मोशेसाठीचा शब्द हाच ‘अनाव’. स्तोत्रांत तर कित्येकदा कोणता अर्थ घ्यावा हे संदर्भावरूनच ठरवावे लागते. येशूच्या श्रोत्यांच्या कानांत हीच स्तोत्रे घोळत असणार, हे धरून मत्तय ५ वाचले तर काका-ताईंचा वाद बराच मवाळ होईल.

गटात एक प्रयोग करून पाहा: शब्द बदलून वाक्य मोठ्याने वाचायचे. याकोब १:९-१० घ्या. दीन स्थितीतल्या बंधूने आपल्या उच्च स्थितीविषयी अभिमान बाळगावा आणि धनवानाने आपल्या दीन स्थितीविषयी, कारण तो गवताच्या फुलासारखा नाहीसा होईल. आता ‘दीन’च्या जागी ‘नम्र’ घाला. ‘नम्र बंधूने अभिमान बाळगावा’! हसू आल्याशिवाय राहणार नाही. ‘गरीब’ घातला तर पहिला भाग चालतो, पण धनवानाने आपल्या गरिबीचा अभिमान बाळगावा म्हणजे काय, इथे गाडी अडते. अडू द्या. दुसरा भाग धनवानाला तू कोण आहेस ते सांगतो, आणि चर्चा तिथेच रंगते. गंमत म्हणजे इथला ग्रीक शब्द ‘प्तोखोस’ नव्हे, ‘तापेइनोस’ आहे. सखल, खालच्या पातळीवरचा असा त्याचा अर्थ, आणि मत्तय ११:२९ मधल्या ‘लीन’मागेही तोच आहे. मराठी भाषांतरकारांनी एकाच तापेइनोसला माणूस पाहून कुठे दीन, कुठे लीन म्हटले. मला हे योग्य वाटते. येशूने ‘मी मनाचा दीन आहे’ म्हटले असते तर मराठी कानाला तो केविलवाणा वाटला असता.

धनाच्या बाजूचा एक शब्दप्रयोग सहसा कुणाच्या नजरेत येत नाही, तो तुमच्या हाती देतो. लूक ६:२४ मध्ये धनवानांना सांगितले आहे की तुम्ही आपले सांत्वन ‘भरून पावला आहात’. मत्तय ६ मध्ये रस्त्यात कर्णा वाजवून दानधर्म करणाऱ्यांबद्दलही तेच: ‘ते आपले प्रतिफळ भरून पावले आहेत.’ ही भाषा पावतीची आहे. रक्कम भरून पावली, आता येणे बाकी नाही. मूळचा ‘अपेखो’ हा शब्दही त्या काळच्या पावत्यांवर लिहिला जाई. इजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसांवर, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदांवर, तो आढळतो. म्हणजे खाते बंद. शिवाय मराठीत वैतागून ‘भरून पावलो बाबा!’ म्हणतात, तो उपरोध मुळात नाही, पण या जागी फुकटात मिळतो. गटात दुकानदार किंवा बँकेतले कुणी असेल तर हे वचन त्यांच्याकडून वाचून घ्या.

मामोन या अरामी शब्दासाठी प्रचलित मराठी बायबलमध्ये साधे ‘धन’ आहे (मत्तय ६:२४), त्यावर फार वेळ घालवू नका. त्यापेक्षा १ तीमथ्य ६:१७ मधले ‘चंचल धन’ घ्या. लक्ष्मी चंचल असते हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

शेवटी लिहिण्याविषयी. गटाच्या व्हॉट्सॲपवर वचन टाकताना ‘दीन’ दीर्घच लिहा. ऱ्हस्व ‘दिन’ म्हणजे दिवस, आणि ‘आत्म्याने दिन’ला काहीच अर्थ नाही. आणि कुणी ‘दीन-दुनिया’मधला दीन पुढे केलाच, तर तो अरबी, धर्म या अर्थाचा, निराळा शब्द. आपल्या संस्कृत दीनाशी त्याचे नाते नाही.