हटमध्ये अंघोळ मिळते का? आणि बाकीचे प्रश्न

गेल्या अंकात मी आल्प्समधल्या हट-टू-हट ट्रेकबद्दल लिहिलं होतं. सहा दिवस एका डोंगरघरातून दुसऱ्या डोंगरघरात चालत जायचं, टेंट नाही, स्टोव्ह नाही, पाठीवर आठ किलोची सॅक, बस्स. त्यावर आलेले निम्मे प्रश्न अंघोळीचे आणि जेवणाचे आहेत, आपली माणसं शेवटी आपलीच, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

प्रश्न: मुलगा झुरिकला असतो, जुलैमध्ये आम्ही दोघं (वय 61 आणि 57) त्याच्याकडे जातोय. एक रात्र हटमध्ये राहू म्हणतो. हट म्हणजे झोपडी का? आम्ही शाकाहारी आहोत. गरम पाणी मिळतं का?
(एक वाचक, नाशिक)

काका, झोपडी नाही हो, चांगली दगडी नाहीतर लाकडी दोन-तीन मजली इमारत असते, फक्त ती अशा जागी असते जिथे गाडी जात नाही. जर्मनमध्ये ह्युट्टे म्हणतात, फ्रेंचमध्ये कबान किंवा रफ्यूज, इटालियनमध्ये रिफूजिओ. रफ्यूज म्हणजे आसरा, आणि हा शब्द डोक्यात ठेवून गेलात ना की तिथले अर्धे नियम आपोआप समजतात. हॉटेल समजून गेलात तर पहिल्या तासाभरात वैतागाल.

दारातच बूट काढायचे, ते बुटांच्या खोलीत रॅकवर ठेवायचे आणि तिथल्या बास्केटमधल्या स्लिपर घालायच्या. आपल्याला हे घरच्यासारखंच वाटतं. मग हटचा सांभाळ करणारा माणूस किंवा बाई असते, स्वित्झर्लंडमध्ये त्यांना ह्युटेनवार्ट म्हणतात, ते तुम्हाला झोपायची जागा दाखवतात. जागा म्हणजे खोली नाही, लांबच्या लांब फळीवर ओळीने गाद्या, एक उशी, एक ब्लँकेट, आणि बायका-पुरुष सगळे एकाच खोलीत. काकूंना आधीच सांगून ठेवा. स्वतःची पातळ चादरीची पिशवी, म्हणजे स्लीपिंग बॅगचं लायनर, बहुतेक ठिकाणी सक्तीचं असतं कारण एवढी ब्लँकेटं वर धुणार कोण? मी पहिल्यांदा विसरलो होतो, तिथे एक विकत घ्यावं लागलं आणि त्या पैशात आपल्याकडे सोलापुरी चादरींचा गठ्ठा आला असता. कानात घालायचे बोळे न्या. वीस माणसांपैकी दोन तर नक्की घोरतात, आणि तिसरा मी असलो तर मग विचारूच नका.

जेवण संध्याकाळी साडेसहाला, सगळ्यांना एकच मेनू: सूप, मग मुख्य पदार्थ, मग काहीतरी गोड. बुकिंग करतानाच शाकाहारी म्हणून सांगायचं, आयत्या वेळी सांगून उपयोग नाही. सूपबद्दल मुद्दाम वेगळं विचारा, त्यात बऱ्याचदा मांसाचा अर्क असतो आणि त्यांच्या लेखी ते शाकाहारीच असतं. मॅकरोनी, बटाटा, चीज आणि वर सफरचंदाचं सॉस असा एक गवळ्यांचा पदार्थ मिळतो, ऐकायला विचित्र, खाल्ल्यावर दुसऱ्यांदा मागाल. ऑस्ट्रियात गेलात तर काइझरश्मार्न सोडू नका, गोड धिरड्याचे तुकडे समजा. झोपणं, रात्रीचं जेवण, सकाळचा नाश्ता धरून स्वित्झर्लंडमध्ये माणशी साधारण 80 ते 100 फ्रँक जातात. महाग वाटतं, पण अंडी-बटाटे-गॅस सगळं हेलिकॉप्टरने वर येतं आणि कचरा हेलिकॉप्टरने खाली जातो.

अंघोळ? नाही. उंचावरच्या हटमध्ये पाणी म्हणजे वितळलेला बर्फ, दुपारी नळाला येतं आणि रात्री गोठतं, नळावर पिण्याचं पाणी नाही अशी पाटी. चूळ भरा, तोंड पुसा, झोपा. खालच्या हटमध्ये कुठे कुठे पैसे टाकून दोन-तीन मिनिटांचा शॉवर मिळतो. सकाळी बाटलीत भरून घ्यायला चहा ठेवलेला असतो, बिनदुधाचा, फिका, त्याला चहा म्हणायला माझी जीभ अजून रेटत नाही पण दुपारी बारा वाजता खिंडीत तोच अमृत लागतो.

प्रश्न: ही घरं पहिल्यांदा कोणी बांधली? सरकारने का?
(इतिहासाचा विद्यार्थी, सातारा)

सरकारने नाही, आधी साधूंनी आणि मग हौशी लोकांनी. तुला दोन टप्पे सांगतो.

पहिला टप्पा खिंडींचा. स्वित्झर्लंड आणि इटलीच्या मधे ग्रेट सेंट बर्नार्ड नावाची 2469 मीटर उंचीची खिंड आहे, तिथे साधारण 1050 च्या सुमारास बर्नार्ड नावाच्या धर्मगुरूने धर्मशाळा काढली, कारण व्यापारी आणि यात्रेकरू बर्फात सापडून मरायचे आणि वाचले तर लुटले जायचे. आपली घाटातली धर्मशाळा आठव, तेच. नेपोलियनचं सैन्य मे 1800 मध्ये याच खिंडीतून इटलीत उतरलं. 1964 मध्ये खालून बोगदा झाला, तरी धर्मशाळा चालूच आहे, आणि हिवाळ्यात रस्ता बंद झाला की तिथे फक्त स्की नाहीतर स्नोशू घालूनच पोचता येतं. स्की करणाऱ्यांची तिथे गर्दी असते. साधू अजून आहेत.

दुसरा टप्पा शिखरांचा. खिंडीतून पलीकडे जायचं नाहीये, नुसतं वर जाऊन खाली यायचंय, हे खूळ एकोणिसाव्या शतकातलं. लंडनमध्ये 1857 ला अल्पाइन क्लब निघाला, इंग्रज येऊन शिखरामागून शिखरं चढायला लागले, आणि मग स्थानिकांना वाटलं की डोंगर आपले आणि नाव यांचं! 1862 ला ऑस्ट्रियात क्लब, 1863 ला इटलीत, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये ओल्टन गावच्या रेल्वे स्टेशनच्या उपाहारगृहात बसून काही मंडळींनी स्विस अल्पाइन क्लब काढला. स्टेशनात का, तर ओल्टन जंक्शन, सगळीकडच्या गाड्या तिथे मिळतात. मला हे फार आवडतं, म्हणजे दादर स्टेशनच्या कँटीनमध्ये गिर्यारोहण संस्था निघाल्यासारखं. त्याच वर्षी त्यांनी टोडी शिखराच्या वाटेवर ग्र्युनहॉर्न हट बांधली, ती त्यांची पहिली. आज त्या क्लबच्या दीडशेच्या आसपास हट आहेत.

हट का लागली हे समजून घे. पहाटे बर्फ घट्ट असतो, दुपारी भुसभुशीत होतो, दगड सुटतात, हिमनदीवरच्या भेगांवरचे बर्फाचे पूल कोसळतात. म्हणजे शिखर गाठून सकाळीच खाली यायला हवं, आणि त्यासाठी रात्र अर्ध्या वाटेवर काढायला हवी. एवढंच कारण. म्हणून मॅटरहॉर्न शिखराच्या पायथ्याच्या कड्यावर 1880 मध्ये हॉर्नली हट आली, त्याच्यावर 4003 मीटरवर सॉल्वे हट, दहा माणसांची, फक्त संकटात सापडलेल्यांसाठी. सगळ्यात उंच हट इटलीची, मार्गेरिटा, 4554 मीटर. 1893 मध्ये तिच्या उद्घाटनाला राणी मार्गेरिटा स्वतः चढून गेली होती!

आता या इतिहासातली वाईट बाजूही लिहून ठेव, कारण क्लबच्या कौतुकात ती गळते. स्विस क्लबने 1907 मध्ये बायकांना सभासदत्व बंद केलं, बायकांनी 1918 मध्ये स्वतःचा क्लब काढला, आणि दोन्ही एकत्र व्हायला 1980 उजाडलं. जर्मन-ऑस्ट्रियन क्लबचं तर त्याहून वाईट. तिथल्या शाखांनी ज्यूंना बाहेर काढलं, ज्यू सभासदांची डोनाउलांड नावाची अख्खी शाखा 1924 मध्ये हाकलली, काही हटवर ज्यूंना प्रवेश नाही असल्या पाट्या होत्या. हे हिटलर सत्तेवर यायच्या आधीचं आहे. हाकललेल्यांपैकी काहींनी ऑस्ट्रियातल्या झिलरटाल खोऱ्यात फ्रिझेनबर्गहाउस नावाची हट बांधली, ती आजही उभी आहे.

प्रश्न: मी म्युनिकला आयटीत आहे, मार्चमध्ये कलीग्जबरोबर स्की टूरला जायचंय. ते म्हणतात हट बंद असली तरी विंटररूममध्ये झोपू. बर्फात कोणी घर उघडं ठेवतं का? आणि पैसे कोण घेतं?
(एक वाचक, म्युनिक)

ठेवतात! हीच तर या सगळ्यातली मला सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट आहे. ह्युटेनवार्ट खाली गेला की मुख्य इमारतीला कुलूप, पण एक खोली मागे ठेवलेली असते: सात-आठ गाद्या, ब्लँकेटं, लाकडावरची शेगडी, फोडलेल्या लाकडांची थप्पी, भांडी, एक कुऱ्हाड. स्वित्झर्लंड आणि फ्रान्समध्ये दार बहुतेक उघडंच असतं, कारण वादळात सापडलेला माणूस किल्ली कुठून आणणार? तुमच्या बाजूला, जर्मन-ऑस्ट्रियन क्लबच्या बऱ्याच हटला मात्र क्लबचं ठरावीक कुलूप असतं, त्याची किल्ली सभासदांना डिपॉझिट भरून शाखेतून मिळते, तेव्हा जायच्या आधी त्या हटचं काय आहे ते बघून घ्या, रात्री आठला बंद दारापुढे उभं राहायची मजा नसते.

पैसे कोणी घेत नाही, आपणच भरायचे. भिंतीवर पेटी असते, पाकीट घ्यायचं, नाव लिहायचं, रक्कम टाकायची, नाहीतर घरी गेल्यावर ट्रान्सफर करायची. नॉर्वेत तर याच्या पुढे गेलेत. तिथल्या ट्रेकिंग संघटनेच्या, 1868 पासूनची आहे, साडेपाचशेच्या आसपास केबिन आहेत, त्यातल्या कितीतरी सेल्फ सर्व्हिस. एकच किल्ली सगळ्या केबिनना लागते. आत शिरलं की कपाटात डबाबंद मटण, पास्ता, ओट्स, कॉफी रचलेली, भाव लिहिलेले, माणूस नाही. खायचं, काय घेतलं ते नोंदवायचं, बेरीज करून पैसे भरायचे. लोक विचारतात आपल्याकडे चालेल का, मी उत्तर देत नाही.

निघताना काय करायचं ते मात्र कलीग्ज सांगायच्या आधी तुम्हीच करा: राख बाहेर काढायची, लाकूड फोडून आत आणून ठेवायचं, म्हणजे पुढचा माणूस गोठलेल्या बोटांनी आला तर त्याला फक्त काडी ओढायची असेल. कचरा सगळा सॅकमध्ये.

बाकी मार्चच्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंत उंचावरच्या बऱ्याच हट खास स्कीवाल्यांसाठी उघडतात, मग बंद, मग परत जूनअखेर उघडतात. ही स्कीची प्रथा जुनी आहे, 1897 च्या जानेवारीत विल्हेल्म पाउल्के आणि त्याच्या दोस्तांनी स्वित्झर्लंडमधला बर्नीज ओबरलांड हा डोंगराळ भाग स्कीवरून पार केला, 1911 मध्ये शामोनी ते झरमॅट हा ओट रूट स्कीवर झाला, आणि या सगळ्या वाटा हटच्या जोरावरच उभ्या आहेत. स्वित्झर्लंडमध्ये असलात तर संध्याकाळी 5 ला हिमस्खलनाचं बुलेटिन येतं, सकाळी 8 ला दुसरं. ते वाचल्याशिवाय ठरवू नका, आणि ह्युटेनवार्ट नको म्हणाला तर नको. वाद घालायचा नाही.

प्रश्न: गळ्यात ब्रँडीचं पिंप बांधलेला कुत्रा दिसतो का?
(इयत्ता सातवी, कोल्हापूर)

पिंप खोटं, कुत्रा खरा, वर सांगितलेल्या ग्रेट सेंट बर्नार्डच्या धर्मशाळेतला सेंट बर्नार्ड जातीचा. 1820 च्या एका इंग्रज चित्रकाराच्या चित्रातून ते पिंप आलं. बॅरी नावाच्या कुत्र्याने चाळीसच्या वर माणसं वाचवली असं सांगतात, तो 1814 मध्ये मेला आणि पेंढा भरून अजून बर्नच्या म्युझियममध्ये ठेवलाय.

प्रश्न: हिमनद्या वितळतायत म्हणतात, त्याचा हटवर काय परिणाम?
(एक वाचक, ठाणे)

स्वित्झर्लंडमधल्या आलेच (Aletsch) नावाच्या हिमनदीवरची कॉनकॉर्डिया हट 1877 मध्ये बांधली तेव्हा बर्फापासून 50 मीटर वर होती. हट तिथेच आहे, बर्फ खाली गेला. आता कड्याला लोखंडी जिना ठोकलाय, चारशेच्या वर पायऱ्या, आणि बर्फ खचला की खाली आणखी पायऱ्या जोडतात. दिवसभर हिमनदीवर चालून शेवटी तो जिना चढताना मला लोहगडाची पहिली चढण आठवली, फक्त इथे खाली बघायचं नाही. आणि मुटहॉर्न हट 2021 मध्ये बंदच करावी लागली, वरचा कडा ढासळायला लागला म्हणून.

प्रश्न: सह्याद्रीत अशा हट का नाहीत?
(ट्रेकिंग ग्रुप, पुणे)

कारण गरज पडली नाही. आपण रात्री थंडीने मरत नाही, आणि कुठल्याही गडावरून दोन-तीन तास उतरलं की वाडी लागते, तिथे पिठलं-भाकरी मिळते. वर टाकं असतं, लेणी असतात, राजगडावर पद्मावतीचं देऊळ आहे, हरिश्चंद्रगडावर गुहा आहेत. हिमालयात जिथे गरज होती तिथे इंग्रजांनी डाक बंगले बांधलेच की, कुमाऊंमधल्या पिंडारी हिमनदीच्या वाटेवर धाकुरी, खाती, द्वाली, फुरकिया. माझं मत विचाराल तर सह्याद्रीत नव्याने काँक्रीट ओतण्यापेक्षा पायथ्याच्या घरात ओसरीवर झोपा आणि पैसे त्या मावशींना द्या. आणि गडावर मुक्काम करायचाच असेल तर आधी परवानगी आहे का ते विचारा.

प्रश्न: हटबुकात काय लिहायचं असतं? अभिप्राय का?
(एक वाचक, बंगळुरू)

हटबुक म्हणजे हटमधली नोंदवही. अभिप्राय, कविता, जय शिवराय, सगळं लिहितात लोक, पण आधी रकाने भरा: तारीख, नाव, किती जण, कुठून आलात, उद्या कुठे जाणार आणि कुठल्या वाटेने. तुम्ही पोचला नाहीत तर शोधणारी माणसं आधी हे पान उघडतात. एकदा एका हटमध्ये पहाटे चारला माझे बूट घालून कोणीतरी निघून गेला, सेम मॉडेल, एक नंबर लहान. ह्युटेनवार्टने वही काढली, पाच जणांचा एक ग्रुप कुठे गेला ते बघितलं, पुढच्या हटला फोन लावला. दोन तासांनी तो स्वतःच लंगडत परत आला, माझे बूट त्याला चावत होते. मराठीत लिहिलंत तरी चालेल, पण पुढच्या हटचं नाव रोमन लिपीत लिहा.