वर्ष सरलेलं नाही, पण गावंसं वाटतं

"घरातलं माणूस जाऊन वर्षही झालं नाही आणि मला गावंसं वाटतंय, हे चूक आहे का?" हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. कुणाला दारात रांगोळी काढावीशी वाटते, कुणाला नाटकाच्या तालमीला जावंसं वाटतं आणि पाठोपाठ अपराधी वाटतं. सांगलीच्या एका ताईंची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय पन्नाशीचं. यजमानांच्या आजारपणात काही वर्षं मिरजेच्या दवाखान्यांत हेलपाटे घातलेले. ते गेले त्याला आठ महिने झाले होते. ताई आल्या त्या झोपेची तक्रार घेऊन. "रात्री दोनला जाग येतेच मॅडम. कान देऊन पडून राहते. ऐकायला आता घरात काही नाही, तरी."

या बोलण्यापाशी मी थांबले. आजारी माणसाची उस्तवार करणाऱ्याचं अंग दमतं, त्याहून जास्त कान दमतात. खोकला, कण्हणं, ऑक्सिजनच्या यंत्राची घरघर. सावध राहायची सवय शरीरात मुरते आणि माणूस गेल्यावरही सुटत नाही. अशा बाईला "आता आराम करा" म्हणून काय उपयोग? शांत खोलीत तिचे कान आणखीच शोधत बसतात. त्यांना ऐकायला असं काही द्यावं लागतं, ज्याची धास्ती नाही.

बोलता बोलता कळलं, लग्नाआधी त्यांनी गांधर्व मंडळाच्या गाण्याच्या परीक्षा मध्यमापर्यंत दिल्या होत्या. तंबोरा गवसणीत गुंडाळून माळ्यावर. "पण लोकं म्हणतील की, नवरा गेला आणि ही गात बसली."

मी म्हटलं, "मैफल नका करू. गाणंसुद्धा नको. नुसता तंबोरा लावा आणि खर्ज, म्हणजे खालचा सा, धरा."

मिरजेत सतारमेकरांकडे तो दुरुस्तीला गेला. तलवारी, भाल्यांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात इथे तंतुवाद्यं घडवायला घेतली. तो वारसा आजही चालू आहे आणि आपल्या भागाचं हे फार मोठं भाग्य आहे असं मला वाटतं. नव्या तारा चढल्या. तार आणि ती जिच्यावर टेकते त्या घोडीच्या मध्ये सुताचा दोरा सरकवत कारागिराने जवारी लावली. ती जागा सापडली की सूर खुलतो, तार बोलायला लागते. ताई तिथे बराच वेळ बसून राहिल्या. नंतर मला म्हणाल्या, "इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणाचा श्वास मोजत नव्हते."

घरी रोज संध्याकाळी वीसेक मिनिटं असं ठरलं. खर्जात दम लांबवताना उच्छ्वास आपोआप दीर्घ होतो आणि त्याने हृदयाची गती संथ होते. पहिल्या आठवड्यात त्या सूर धरताना रडायच्या. रडू द्यावं. ते थोपवण्यासाठी सूर धरायचा नसतो.

हे सगळ्यांना पुरतं असं मात्र नाही. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण तुटलं, जगणं नको वाटू लागलं, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. टेली मानस ही सरकारी सेवा १४४१६ वर चोवीस तास मोफत आहे.

ताईंना खरी धास्ती सासूबाईंची होती. ऐंशीच्या घरातल्या, सनातनी. मी दोघींना एकत्र बोलावलं. सासूबाईंचं काळीज वेगळ्याच गोष्टीने कुरतडलं होतं. "ही पुण्याला पोराकडं जाईल, मग मी एकटी काय करू? तंबोरा वाजतोय तवर कळतंय तरी, घरात हाय म्हणून." लोकांचं नाव त्यांनी काढलंही नाही. आठ महिने दोघी एकमेकींना जपत गप्प होत्या.

आता गुरुवारी सासूबाई अभंग सांगतात, ताई म्हणतात. दोनची जाग अजून येते, पण रोज नाही. विशारदचा, म्हणजे मध्यमाच्या पुढच्या परीक्षेचा, अभ्यासक्रम त्यांनी मागवून घेतला आहे. परीक्षेला बसायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही.