गुरुजी, कर अजून भरायचाय

नाशिकच्या एका निवृत्त जिल्हा परिषद शिक्षकांचं पत्र आहे. वय 61, निवृत्तिवेतन 32 हजार. वडिलांनी 1986 साली 40 हजारांना घेतलेला प्लॉट त्यांनी 12 नोव्हेंबर 2025 रोजी 78 लाखांना विकला. ते लिहितात, 'घेणाऱ्याने 1 टक्का कर कापून भरला, सरकारचं देणं फिटलं. सीएची फी वाचली. आता उरलेले 77 लाख बँकेतल्या साहेबांच्या पॉलिसीत घालू की म्युच्युअल फंडात?'

गुरुजी, देणं फिटलेलं नाही. कापलेले 78 हजार ही नुसती सुरुवातीची कपात. ती तुमच्या पॅनवर चढली आहे, म्हणजे आयकर खात्याला व्यवहार ठाऊक आहे. कर लागतो नफ्यावर. खरेदी 40 हजारांची धरली तर साडेबारा टक्क्यांनी हा कर साधारण 9 लाख 70 हजार होतो.

पण प्लॉट 2001 च्या आधीचा आहे, त्यामुळे 1 एप्रिल 2001 चा बाजारभाव खरेदी किंमत म्हणून धरता येतो. तो अंदाजाने टाकायचा नाही. नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घ्या. त्या वेळच्या रेडी रेकनरपेक्षा, म्हणजे सरकारी दरपत्रकापेक्षा, जास्त भाव चालत नाही. समजा 12 लाख आला. साडेबारा टक्क्यांऐवजी महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून 20 टक्क्यांनी कर भरायचा रस्ताही तुम्हाला आहे. महागाई निर्देशांक तेव्हा 100, विक्रीच्या वर्षी 376. किंमत झाली 45 लाख, नफा 33 लाख, 20 टक्क्यांनी कर 6 लाख 60 हजार. तीन लाखांचा फरक पडला! भाव 6 लाखच आला, तर मात्र साडेबारा टक्क्यांचा रस्ता स्वस्त पडतो. हा हिशेब सीएनेच मांडायचा. दोघांची फी मिळून 40 हजार झाली तरी द्या.

त्याहून निकडीचं म्हणजे आरईसी, पीएफसी या सरकारी कंपन्यांचे भांडवली नफ्याचे रोखे. विक्रीपासून 6 महिन्यांत 50 लाखांपर्यंत त्यात गुंतवता येतात, 5 वर्षं अडकतात, व्याज बेताचं, पण कर मोठा उतरतो. तुमची मुदत 12 मेच्या आसपास संपते. पॉलिसीने किंवा फंडाने हा कर एक रुपयाही वाचत नाही.

आणि ती पॉलिसी तुम्ही घेऊनही टाकलीत! पाठवलेल्या फोटोत पहिल्याच पानावर 'वार्षिक उत्पन्न 15 लाख' लिहिलंय. तुमचं आहे पावणेचार-चार लाख. वर्षाला 10 लाख, 5 वर्षं, म्हणजे रोख्यांत जाऊ शकणारे 50 लाख तिकडे बांधले गेले. साहेब सांगतात तो '12 टक्के' परतावा मी अशा पॉलिसींचा हिशेब करतो तेव्हा 5-6 वर येतो. पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवसांत परत करता येते. तुमचे 18 झालेत. उद्याच लेखी अर्ज द्या, पोच घ्या, उत्पन्नाचा खोटा आकडाही त्यात नमूद करा.

फंडाचं मला जूनमध्ये विचारा. तोवर पैसे बचत खात्यात राहू देत. या आठवड्यात खरेदीखत आणि 1986 ची कागदपत्रं घेऊन सीएकडे जा.