सामान्य नाण्यांचं ग्रेडिंग: खर्च कधी वसूल होतो आणि कधी नाही

तुम्ही विचारलंय की आजोबांच्या डब्यात सापडलेली चांदीची नाणी, बहुतेक नेहमीच्या सालांची आणि थोडीफार झिजलेली, ग्रेडिंगला पाठवली तर त्यांचा भाव वाढेल का. माझं स्पष्ट मत: सरसकट पाठवू नका. डब्यात पाठवण्याजोगं एखादं नाणं असूही शकेल, पण ते आधी तुम्हीच शोधायला हवं.

ग्रेडिंग कंपनी पैसे घेऊन तीन गोष्टी करते. नाणं खरं की खोटं ते सांगते, १ ते ७० मधला एक आकडा देते आणि ते प्लॅस्टिकच्या स्लॅबमध्ये सीलबंद करते. ही ७० ची मोजपट्टी विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये जुन्या अमेरिकी मोठ्या सेंटसाठी मांडली. तेव्हा कल्पना अशी होती की ७० दर्जाच्या नाण्याची किंमत १ दर्जाच्या त्याच नाण्याच्या सत्तरपट असावी. किमतीशी असलेलं ते गणित लवकरच कोलमडलं, आकडे मात्र टिकले. पीसीजीएस या अमेरिकी ग्रेडिंग कंपनीने १९८६ मध्ये आणि तिच्यासारख्याच एनजीसीने १९८७ मध्ये स्लॅब सुरू केल्यावर हेच आकडे जगभर रूढ झाले.

हे सांगण्याचं कारण असं की, आकड्यामुळे किंमत येते असा समज नवीन संग्राहकांमध्ये फार पक्का असतो. आकडा फक्त दर्जा सांगतो. त्या दर्जाची नाणी बाजारात किती आहेत आणि ती मागणारे किती, यावर भाव ठरतो. १९२१ चा मॉर्गन डॉलर, म्हणजे अमेरिकेचं चांदीचं एक डॉलरचं नाणं, घ्या. एकट्या फिलाडेल्फिया टांकसाळीत त्या वर्षी ४ कोटी ४६ लाखांहून जास्त पाडले गेले. झिजलेला १९२१ स्लॅबमध्ये घातला तरी घेणारा चांदीच्या भावावर थोडंसंच जास्त देतो. सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीचा १८८१ चा मॉर्गन डॉलर तर याहून बोलका. त्याचा ठसा सुरेख उठलेला असतो आणि चलनात न आलेले नग एवढे शिल्लक आहेत की ६३-६४ दर्जा मिळाला तरी तो दुर्मीळ ठरत नाही. या कंपन्या आपण कोणत्या नाण्याला कोणता दर्जा किती वेळा दिला त्याची यादी ठेवतात. पाठवण्याआधी ती यादी बघाच.

आता हिशोब. फी प्रत्येक नाण्यामागे लागते. शिवाय जाण्या-येण्याचा टपालखर्च, विमा आणि काही ठिकाणी सभासदत्व. स्वस्त नाणं म्हणून यातलं काही फारसं कमी होत नाही. माझा नियम असा: स्लॅबमुळे वाढणारी रक्कम एकूण खर्चाच्या दुप्पट तरी दिसायला हवी. अपेक्षेपेक्षा एक दर्जा कमी येणं नेहमीचंच आहे आणि तेवढ्यानेही फायदा संपतो.

आणि एका गोष्टीत बरेच जण फसतात. नाणं पूर्वी कधी घासून पुसलेलं असेल तर आकडा मिळतच नाही. खरं आहे पण साफ केलेलं आहे, एवढाच शेरा येतो, आणि फी पूर्ण जाते. वारशाने आलेल्या चांदीत हे फार आढळतं, कारण घरात कुणीतरी प्रेमाने ती चकचकीत केलेली असतात. हे घरीच तपासा. खोलीतले बाकीचे दिवे बंद करून एकच टेबललॅम्प लावा, नाणं कडेने धरा आणि हळूहळू तिरकं फिरवा. टांकसाळीची मूळ झळाळी असेल तर प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे नाण्यावरून फिरतात. उंच भागांवर, म्हणजे मॉर्गनच्या बाबतीत कानावरच्या केसांवर आणि गरुडाच्या छातीवर, ते पट्टे तुटले आणि तिथे राखाडी सपाटपणा दिसला, तर नाणं वापरलेलं आहे. मग दहापट भिंगाखाली मोकळी जागा बघा. एकाच दिशेने गेलेल्या बारीक समांतर रेघा, किंवा सगळं लख्ख पण अक्षरांच्या खाचांत काळा मळ, ही घासल्याची खूण. असं नाणं बाजूला काढा.

मग पाठवावं काय? पहिलं, ज्याच्या नकला सर्रास होतात ते. डेन्व्हर टांकसाळीची १९१६ ची अमेरिकी डाइम, म्हणजे दहा सेंटचं नाणं, याचं ठळक उदाहरण: फक्त २ लाख ६४ हजार पाडल्या, म्हणून लोक साध्या डाइमवर डेन्व्हर टांकसाळीची खूण असलेलं डी (D) अक्षर चिकटवतात. इथे फी खरेपणासाठी भरायची, आकड्यासाठी नव्हे. दुसरं, वरवर नेहमीचं पण उपप्रकार वेगळा असलेलं. व्हिक्टोरियाच्या रुपयावर १८६२ हे साल १८७४ पर्यंत तसंच राहिलं आणि संग्राहक सालाखालच्या ठिपक्यांवरून प्रकार वेगळे करतात. ठिपके मोजल्याशिवाय त्याला सामान्य म्हणून टाकू नका. तिसरं, ज्याची झळाळी खरोखर अस्पर्श आहे आणि वरच्या दर्जात ज्याचे नग मोजकेच नोंदलेले आहेत. मारिया थेरेसा थेलर, म्हणजे ऑस्ट्रियाच्या त्या राणीचं चित्र असलेलं चांदीचं नाणं, निघाला तर मात्र फार हुरळू नका. १७८० हेच साल घालून तो कितीतरी टांकसाळींनी नंतरच्या काळात पाडत ठेवला.

आठवण म्हणून आजोबांचं एखादं नाणं स्लॅबमध्ये ठेवावंसं वाटलं तर खुशाल ठेवा. तो खर्च परत मिळणार नाही एवढंच आधी मान्य करा.

बाकीची नाणी तपासायला वजनाचा बारीक काटा आणि व्यास मोजायला कॅलिपर घ्या. मॉर्गन २६.७३ ग्रॅम आणि ३८.१ मिलिमीटर भरायला हवा. झिजेने वजन थोडं घटतं, पण व्यास विशेष बदलत नाही. साठवायला मायलर या पारदर्शक प्लॅस्टिक पापुद्र्याची खिडकी असलेले पुठ्ठ्याचे होल्डर किंवा मापाच्या कॅप्सूल वापरा. मऊ पीव्हीसीचे पाऊच टाळा, त्यातून नाण्यावर हिरवट चिकट थर बसतो. तसा थर आधीच दिसत असेल तर नाणं शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून, न चोळता, मोकळ्या हवेत वाळू द्या. खोली हवेशीर असू द्या आणि जवळपास ज्योत नको. चांदीवरचा काळसर-निळसर रंग मात्र तसाच राहू द्या.