अभिलेख विभागाचं काम परिषदेत कसं मांडावं?

तुम्ही विचारलंय की विद्यापीठाच्या ग्रंथालयात, अभिलेख विभागात लागून दीड वर्ष झालं, परिषदेत १५ मिनिटं बोलायचंय आणि सांगण्यासारखं 'मोठं' काही हाताशी नाही. मी वीसेक वर्षं मोडीच्या रुमालांवर (कापडात बांधलेल्या जुन्या कागदांच्या गठ्ठ्यांवर) काम करते. माझं ऐकाल तर मोठं शोधूच नका. तुमचं जे चुकलं, ते सांगा.

माझा पहिला निबंध अगदी रीतसर होता. आधी विभागाचा इतिहास, मग किती पानं स्कॅन झाली त्याचे तक्ते. समोरच्यांचं लक्ष चहाकडे. शेवटी सूचीचा नमुना पडद्यावर लावला तर मागून एक पिकल्या केसांचे गृहस्थ उठले, "ताई, ती पहिली नोंद बघा. पेशव्यांच्या कारकुनाचा कागद ११६१ सालचा कसा?"

कागदावर होतं 'इहिदे सितैन मया व अलफ'. एक, साठ, शंभर, हजार. अरबी आकडे मला येत होते, त्याचाच जरा तोरा होता. बेरीज केली, ११६१, आणि सालाच्या रकान्यात टाकून मोकळी झाले. पण तो सुहूर सन, म्हणजे मराठ्यांच्या दफ्तरात चालणारी वेगळी कालगणना, मृगाला बदलणारी. इसवी सन हवा तर मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. शेवटी 'छ ११ जमादिलाखर' होतं ('छ' म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्याची तारीख). म्हणजे जानेवारी १७६१, ऐन पानिपताचा महिना. आणि मजकूर काय, तर बैलांच्या वैरणीचा हिशेब! संगणकानं मात्र सालाच्या क्रमानं तो कागद सगळ्यांत वर नेऊन ठेवला होता, आणि 'आमच्याकडचा सर्वांत जुना कागद' म्हणून आम्ही त्याचा फोटो दारातल्या फलकावर लावला होता.

त्या दिवशी जेवणाच्या रांगेत माझ्या तक्त्यांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. सालाबद्दल मात्र चौघांनी गाठलं. एकाच्या सूचीत फसली सनाचा (महसुलाच्या हिशेबात वापरायचे तो सन) असाच घोळ होता. तिथंच ठरलं की रकाने दोन ठेवायचे: एकात कागदावर आहे तसं अक्षरशः, दुसऱ्यात काढलेला इसवी सन आणि कोणी काढला त्याचं नाव. आम्ही आजही तसंच करतो.

तेव्हा एकच कागद घ्या, त्याचा फोटो शेवटच्या रांगेतून वाचता येईल एवढा मोठा लावा आणि अडलात कुठे ते सांगा. विभागाच्या इतिहासाला अर्धा मिनिट पुष्कळ. आणि पांढरे हातमोजे घालून कागद धरल्याचा फोटो तेवढा टाळा. जुन्या कागदाला स्वच्छ, कोरडे हातच बरे, मोज्यांत स्पर्श कळत नाही नि कडा फाटतात. नाहीतर प्रश्नोत्तरांची पाचही मिनिटं त्यातच जातील.