कोब्यावर चादरीची नक्षी काढायचीय? ऑइल पेंट नको

ताई, व्हरांड्याचा कोबा होऊन तीन आठवडे झालेत आणि गड्ड्याच्या यात्रेआधी (सोलापूरची जानेवारीतली सिद्धेश्वर यात्रा) त्यावर सोलापुरी चादरीची नक्षी ऑइल पेंटने काढायचीय, असं तुम्ही लिहिलंय. नक्षी जरूर काढा, पण ऑइल पेंट नको. सिमेंटमधला क्षार तेलाला लागला की त्याचा अक्षरशः साबण होतो. आमच्या ओट्यावर मी नव्या कोब्याला घाईने ऑइल पेंट मारला होता. पहिल्याच उन्हाळ्यात तो पायाला चिकट लागू लागला आणि नखाने ओढल्यावर लसणाच्या सालीसारखा सुटून आला. पंधरा दिवसांची मेहनत होती, फार वाईट वाटलं.

आधी पूर्ण 28 दिवस होऊ द्या. मग दीड फुटाचा प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी खाली दव दिसलं किंवा कोबा काळपट पडला, तर अजून थांबा. कोरडा असेल तर चमचाभर पाणी ओता. ते मुरलं तर उत्तम. थेंब तसाच उभा राहिला तर गवंड्याने कोबा फार घोटलाय, तिथे रंग धरणार नाही. 80 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, तोंडाला फडकं बांधून. ॲसिडनेही होतं, पण घरात लहान मुलं असतील तर मी त्या वाटेला जात नाही.

रंग फरशीसाठीचा ॲक्रिलिक घ्या. पहिला हात पातळ, मग दोन हात.

आता नक्षी. चादरीवरच्या फुलाच्या कडा जवळून बघा, पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतील. जॅकार्डची, म्हणजे मागावर विणतानाच उठणारी नक्षी आधी ग्राफ पेपरवर घरं भरूनच काढतात ना, म्हणून. आपल्याला हे फार सोयीचं आहे, हाताने वळण काढावंच लागत नाही. ग्राफच्या वहीत फूल काढा, एक घर म्हणजे जमिनीवर 2 इंच धरा. 24 घरांचं फूल बरोबर 4 फुटांत बसतं. गेरूत बुडवलेलं सूत मारून जमिनीवर घरं आखा आणि मास्किंग टेप लावा. टेपच्या कडेवरून आधी खालचाच रंग एकदा फिरवा, तो वाळला की नक्षीचा रंग द्या. फटीत जायचा तो खालचाच रंग जातो आणि कड सुरीने कापल्यासारखी येते. टेप मात्र रंग कडक व्हायच्या आत काढायची.

वरून पीयूचा (पॉलियुरेथेनचा) क्लिअर, म्हणजे पारदर्शक कोट द्या. इपॉक्सी उन्हाने पिवळा पडतो आणि आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. काम एप्रिलवर गेलंच तर सकाळी नऊच्या आत उरका, नंतर रंग ब्रशवरच वाळतो.

आणि उंबऱ्यासमोर दोन फूट जागा कोरी सोडा. रोजच्या रांगोळीची कच पायाखाली येऊन रंग घासून काढते.